मास्क रजिस्टरातला हरवलेला बिट

लॉगमध्ये ओळ एवढीच: 'ट्रान्सफर टाइमआउट'. कधी दिवसातून दोन-तीनदा यायची, कधी आठवडाभर तोंड दाखवायची नाही. वापरणाऱ्यांनी तिच्याशी जुळवून घेतलं होतं. रीड फसलं की त्यांचा प्रोग्रॅम कार्ड रिसेट करायचा, पुन्हा मागायचा, आणि गाडं पुढे चालू. तक्रार आली ती वेगळ्याच गोष्टीची. एका यंत्रावर अशाच एका टाइमआउटनंतर काही वेळाने अख्खा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळला, आणि कोसळण्याचा माग निघाला फाइल-सिस्टिमच्या कोडात. आमच्या ड्रायव्हरचं त्यात नावही नव्हतं.

ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा कर्नलमधला कोड, लिनक्सचा, माझ्याकडे वारशाने आलेला. कार्ड पीसीआय एक्सप्रेसचं: बाहेरचे सिग्नल सतत मोजायचे आणि नमुने मेमरीत टाकायचे. प्रोग्रॅम रीड मागतो, ड्रायव्हर बफर तयार करतो, कार्डाला डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिणं) सुरू करायला सांगतो आणि झोपतो. काम झालं की कार्ड इंटरप्ट देतं, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावतं, आणि त्यासाठी धावणारा कोड, म्हणजे हँडलर, झोपलेल्याला उठवतो. दोन सेकंदांत कुणी उठवलं नाही तर ड्रायव्हर हात वर करून ती ओळ लिहितो. एरवी एक ट्रान्सफर काही मिलिसेकंदांत उरकतं, म्हणजे दोन सेकंद थांबूनही उत्तर आलं नाही तर 'कार्ड जरा सावकाश चालतंय' ही सबब टिकत नाही.

माझ्या हाती काम येण्याआधी गिट बायसेक्टचा (जुन्या-नव्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत बग आणणारा बदल शोधण्याचा) प्रयोग होऊन गेला होता. त्यात सापडलेला कमिट (कोडातला नोंदवलेला बदल) होता हँडलरमधली एक छापण्याची ओळ काढून टाकणारा. तो उलटवून पाहिला की बग खरंच दिसेनासा व्हायचा, म्हणून काहींनी तो कमिट मागे घ्यायचाही आग्रह धरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. कधीतरीच दिसणाऱ्या बगवर बायसेक्ट चालवलं की 'चांगला' म्हणून खूण केलेला कर्नल खरोखर चांगला असतो की त्या वेळी बग फक्त आला नाही, हे कळायला मार्ग नसतो. शेवटी बोट अशा कमिटवर पडतं ज्याने फक्त वेळेचं गणित बदललेलं असतं. मात्र छापण्याची ओळ काढल्याने बग वर येतो, एवढी माहिती पुढे कामाची ठरली. याचा अर्थ हँडलरला उशीर झाला की सगळं सुरळीत चालत होतं.

पहिला संशय रिवाजाप्रमाणे हार्डवेअरवर. कार्ड इंटरप्ट देतच नसेल, असं म्हणणं सोपं असतं आणि हार्डवेअरच्या लोकांनाही ते ऐकायची सवय असते. म्हणून आधी टाइमआउटच्या वाटेवर कार्डाची रजिस्टरं (त्याची स्थिती आणि त्याला दिलेले हुकूम ठेवणारे छोटे कप्पे) वाचून ठेवायची सोय केली. पुढच्या वेळी ती ओळ आली तेव्हा चित्र स्पष्ट होतं. स्टेटस रजिस्टरात 'डीएमए पूर्ण' हा बिट १ होता. म्हणजे कार्डाने काम केलं होतं, डेटा बफरमध्ये येऊन पडला होता. पण इंटरप्ट चालू-बंद करणाऱ्या एनेबल (म्हणजेच मास्क) रजिस्टरात त्याच घटनेचा बिट ० होता. कार्ड बोलायला तयार होतं, त्याचं तोंड कुणीतरी दाबून धरलं होतं. आणि ट्रान्सफर सुरू करण्याच्या अगदी आधी ड्रायव्हरनेच तो बिट चालू केलेला होता. मग बंद कुणी केला?

एनेबल रजिस्टरात कामाचे बिट दोन. शून्य क्रमांकाचा डीएमए पूर्ण झाल्याचा, एक क्रमांकाचा कार्डाच्या आतला फिफो (नमुन्यांची तात्पुरती रांग) अर्धा भरल्याचा. फिफोचा इंटरप्ट आला की हँडलर तेवढा बिट बंद करतो, उरलेलं काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेवर) ढकलतो, आणि ते संपलं की वर्कक्यूतला कोड बिट पुन्हा चालू करतो. डीएमएचा बिट चालू होतो रीडच्या वाटेवर. तिन्ही ठिकाणी कोड सारखाच: रजिस्टर वाचा, एक बिट बदला, परत लिहा.

कागदावर मांडलं तेव्हा ते असं दिसलं. शून्य क्रमांकाच्या कोअरवर फिफोच्या इंटरप्टसाठी हँडलर धावतोय. त्याने एनेबल वाचलं, हाती आलं १०. त्याच क्षणी दोन क्रमांकाच्या कोअरवर रीडचा कोड तेच रजिस्टर वाचतो, त्यालाही १० मिळतं, तो डीएमएचा बिट घालून ११ लिहितो, कार्डाला 'सुरू' सांगतो आणि निवांत झोपतो. आता हँडलर आपल्या हातातल्या शिळ्या १० मधून फिफोचा बिट काढतो आणि ०० लिहितो. रीडने नुकताच लावलेला बिट गेला. थोड्या वेळाने वर्कक्यू फिफोचा बिट परत लावते, रजिस्टर १० होतं, आणि दोन सेकंदांनी टाइमआउटच्या वाटेवर मला जे दिसतं ते हेच.

वाचन आणि लेखन यांमधली फट अगदी नॅनोसेकंदांची असेल असं वाटतं, पण पीसीआय एक्सप्रेसवर तसं नसतं. कार्डाचं रजिस्टर वाचायचं म्हणजे विनंती कार्डापर्यंत जाणार आणि उत्तर परत येणार. त्याला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ जातो, आणि ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी एक मायक्रोसेकंद म्हणजे तीन हजार चक्रं. तेवढ्या वेळात दुसरा कोअर बरंच काही उरकतो. लिहिणं मात्र तसं नाही. लिहिलेलं मध्येच कुठेतरी रांगेत पडून राहतं आणि प्रोसेसर पुढे निघून जातो. हा फरक पुढे पुन्हा आडवा येणार होता.

मग एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक नव्हता का? असल्यासारखा होता. रीडच्या वाटेवर वाचन-लेखनाभोवती 'लोकल आयआरक्यू सेव्ह' आणि 'रिस्टोअर' ही जोडी नीट लावलेली होती. ज्याने लिहिलं त्याला धोका माहीत होता. पण ही जोडी इंटरप्ट बंद करते ते फक्त स्वतःच्या कोअरवर. एकच कोअर असलेल्या यंत्रावर एवढं पुरतं: रीडचा कोड चालू असताना हँडलर मध्ये घुसू शकत नाही, आणि हँडलर चालू असताना रीडला संधीच नाही. कोअर दोन झाले की हँडलर शेजारच्या कोअरवर खुशाल धावतो. जुन्या लिनक्समध्ये सगळ्या कोअरांवरचे इंटरप्ट एका झटक्यात बंद करणारी 'सीएलआय' ही सोय होती. ती २.५ च्या विकासमालिकेत काढून टाकली गेली. २००३ साली २.६ आली तेव्हापासून प्रत्येक ड्रायव्हरने आपला स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत दुसऱ्या कोअरला जागेवर फिरत ठेवणारा लॉक) आपण लावायचा, असाच शिरस्ता आहे. आमचा ड्रायव्हर वयाने त्याहून बराच लहान, तरी त्यातली ही सवय जुन्या काळातली.

चाचणीत हे का सापडलं नाही, याचंही उत्तर इथेच मिळालं. आपोआप चालणाऱ्या चाचण्यांसाठी कार्ड ज्या व्हर्च्युअल मशिनला जोडलेलं होतं, तिला कोअर एकच दिलेला होता.

कागदावरची गोष्ट पटली तरी ती पुरावा नव्हे. पहिला मार्ग म्हणजे छापून बघणं. तो इथे निरुपयोगी, कारण कन्सोल सिरियल पोर्टवर होता. ११५२०० बॉडला सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं जातात, म्हणजे ऐंशी अक्षरांची ओळ छापायला जवळजवळ सात मिलिसेकंद. एक मायक्रोसेकंदाची फट शोधायला निघायचं आणि दर पावलाला सात मिलिसेकंद थांबायचं, मग काय दिसणार? बायसेक्टने ज्या कमिटला दोषी ठरवलं त्याचं गुपितही तेवढंच होतं.

त्याऐवजी 'ट्रेस प्रिंटके' वापरलं. ते एफट्रेसच्या (कर्नलमध्ये काय घडतंय याच्या नोंदी ठेवणाऱ्या अवजाराच्या) मेमरीतल्या गोल बफरमध्ये लिहितं, प्रत्येक कोअरचा बफर वेगळा, त्यामुळे उशीर नगण्य. त्याची एक गंमत म्हणजे कोडात त्याचा एक जरी वापर राहिला तरी कर्नल लॉगमध्ये मोठी चौकट काढून बजावतो की हा डीबगचा कर्नल आहे, कुणाला देऊ नका. विसराळू माणसांसाठी उत्तम व्यवस्था. दुसरी काळजी घड्याळाची. एफट्रेसचं मूळ 'लोकल' घड्याळ वेगाचं आहे, पण दोन कोअरांवरच्या नोंदींचा क्रम लावायला त्याच्यावर विसंबता येत नाही. 'ग्लोबल' घड्याळ निवडलं, टाइमआउट आला की ट्रेस तिथेच थांबेल अशी सोय केली, आणि वाट बघत बसले.

वाट किती बघायची, हा प्रश्न मात्र होताच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी लागते, तोवर हातावर हात धरून बसायचं? म्हणून दोन गोष्टी केल्या, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला निर्णायक भाग तोच.

पहिली गोष्ट कोअर बांधण्याची. प्रॉक फाइल-सिस्टिममध्ये प्रत्येक इंटरप्टच्या फोल्डरात 'एसएमपी अफिनिटी' नावाची फाइल असते. तिच्यात लिहून इंटरप्ट कोणत्या कोअरवर जावा ते ठरवता येतं. आधी आयआरक्यू-बॅलन्स ही सेवा बंद करावी लागते, नाहीतर आपण बांधलेलं ती थोड्याच वेळात सोडवून टाकते. प्रोग्रॅमला 'टास्कसेट'ने बांधता येतं. इंटरप्ट आणि प्रोग्रॅम एकाच कोअरवर बांधले: रात्रभर एकही टाइमआउट नाही. वेगवेगळ्या कोअरांवर बांधले: तासाभरात टाइमआउट. पुन्हा एकत्र आणले, पुन्हा शांतता. वर्कक्यूही त्यात भागीदार होती, पण तिला बाजूला ठेवूनही चित्र बदललं नाही.

दुसरी गोष्ट फट रुंद करण्याची. हँडलरमध्ये एनेबल वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये पन्नास मायक्रोसेकंदांचा मुद्दाम थांबा घातला. सिद्धांत खरा असेल तर बग वाढायला हवा, खोटा असेल तर फारसा फरक पडू नये. काही सेकंदांत लॉग टाइमआउटच्या ओळींनी भरला. थांबा हँडलरच्या सुरुवातीला, वाचनाच्या आधी हलवला तर बग जवळजवळ नाहीसा. तोच थांबा, दहा ओळी वर. नंतर थांबा पूर्ण काढून नुसत्या ट्रेसवर सापडलेल्या खऱ्या घटनेतही क्रम हाच होता: हँडलरचं वाचन, रीडचं लेखन, हँडलरचं लेखन, सगळं मिळून दोनेक मायक्रोसेकंदांत.

इथे अवजारांबद्दल एक सांगायला हवं. लॉकडेप २००६ पासून कर्नलमध्ये आहे, केसीसॅन २०२० मध्ये ५.८ सोबत आलं. दोन्ही चालू होती आणि या बाबतीत दोन्ही गप्प. लॉकडेप लॉक कसे वापरलेत ते तपासतं. जिथे लॉकच नाही तिथे ते काय बोलणार? केसीसॅन मेमरीतल्या एकाच जागेवर एकाच वेळी होणारी ये-जा पकडतं, पण कार्डाचं रजिस्टर त्याच्या नजरेत तशी जागा नाही. प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन सुटं सुटं बघितलं तर बिनचूकच होतं. घोटाळा होता तो 'वाचून लिहिणं ही एकच क्रिया आहे' या गृहीतकात, आणि ते गृहीतक फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं. लॉकडेपने मात्र एक वेगळीच गोष्ट दाखवली. आकडेवारी दाखवणाऱ्या बाजूच्या कोडात एक लॉक साध्या 'स्पिन लॉक'ने घेतला जात होता आणि हँडलरही तोच लॉक घेत होता. लॉक हातात असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला तर हँडलर लॉक सुटायची वाट बघत फिरत राहणार, आणि लॉक सोडणारा हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकणार नाही. कायमची कोंडी. ती प्रत्यक्षात कुणाला भेटली नव्हती, पण दुरुस्त केली.

मूळ दुरुस्ती छोटी. एनेबल रजिस्टराला हात लावणारा सगळा कोड एका छोट्या फंक्शनमधून जाईल असं केलं आणि त्यात 'स्पिन लॉक आयआरक्यू सेव्ह' घातला. इंटरप्ट बंद होणं स्वतःच्या कोअरसाठी, स्पिनलॉक इतर कोअरांसाठी, दोन्ही हवेत. हँडलर आणि प्रोसेस दोन्हीकडून तेच फंक्शन बोलावलं जात असल्याने कोण कुठून येतंय याचा विचार करावा लागत नाही. त्याबरोबर रजिस्टर वाचणंही काढून टाकलं. एनेबलची प्रत ड्रायव्हरच्या मेमरीत ठेवली, बदल तिच्यावर करायचा आणि तयार किंमत कार्डाला लिहायची. वाचन गेलं म्हणजे लॉक धरून मायक्रोसेकंदभर ताटकळणंही गेलं. लॉक घालूनही हँडलर आधीपेक्षा लवकर संपू लागला.

टाइमआउट थांबले. पण कर्नल कोसळण्याचं काय? टाइमआउट हे त्याचं निमित्त होतं, कारण नव्हतं. टाइमआउट थांबले म्हणून कोसळणं थांबलं असं म्हणून फाइल बंद करता आली असती, आणि तसा मोह टेबलाभोवती बऱ्याच जणांना झाला. पण केबल सैल झाली, कार्ड खरंच अडकलं, तर टाइमआउट पुन्हा येणारच, आणि त्या वाटेवरचा कोड तसाच पडून होता. कसान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं अवजार) चालू केलेल्या कर्नलवर मुद्दाम टाइमआउट दोन सेकंदांऐवजी ट्रान्सफरच्या नेहमीच्या वेळेइतकाच ठेवला, म्हणजे इंटरप्ट आणि टाइमआउट एकमेकांच्या अंगावर येतील. अहवाल लगेच आला: मोकळी केलेली मेमरी हँडलर वाचतोय.

टाइमआउटच्या वाटेवर क्रम असा होता. झोपेतून उठा, वेळ संपली हे बघा, डीएमएचं मॅपिंग (कार्डाला दिलेला मेमरीचा पत्ता) काढा, बफर आणि ट्रान्सफरची नोंद मोकळी करा, एरर परत द्या. हे होत असताना हँडलर शेजारच्या कोअरवर त्याच नोंदीचा पॉइंटर हातात धरून उभा असू शकतो. याहून वाईट म्हणजे कार्डाला कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी ट्रान्सफर चालू आहे, आणि ते दिलेल्या पत्त्यावर लिहीत राहणार. ती पानं तोवर दुसऱ्या कुणाला दिली गेलेली असणार, उदाहरणार्थ फाइल-सिस्टिमला. तक्रार आलेल्या यंत्रावर आयओएमएमयू (कार्डाने मेमरीत कुठे लिहायचं यावर पहारा ठेवणारं हार्डवेअर) बंद होतं, त्यामुळे कार्डाला अडवणारं कुणी नव्हतं. कसानला हे दिसत नाही. ते प्रोसेसरच्या ये-जावर नजर ठेवतं, कार्ड मागच्या दाराने थेट मेमरीत लिहितं. आयओएमएमयू 'स्ट्रिक्ट' पद्धतीत चालू केल्यावर मात्र लॉगमध्ये कार्डाच्या नावानिशी फॉल्ट उमटू लागले. 'स्ट्रिक्ट' म्हणायचं कारण असं की एरवी मॅपिंग काढलं तरी जुने पत्ते पुसण्याचं काम साचवून नंतर केलं जातं, आणि मधल्या वेळात कार्डाचं लिहिणं बिनबोभाट खपून जातं.

इथे आणखी एक लॉक घालून भागणार नव्हतं. प्रश्न होता तो ट्रान्सफरची नोंद कोणत्या क्षणी कुणाच्या मालकीची, हा. म्हणून नियम ठरवला: चालू ट्रान्सफरचा पॉइंटर लॉकखाली ठेवायचा, आणि जो पहिला तो उचलून जागा रिकामी करेल तो मालक. हँडलरने उचलला तर ट्रान्सफर पूर्ण झालं. टाइमआउटच्या कोडने उचलला तर ते रद्द झालं. हँडलरला जागा रिकामी दिसली तर स्टेटसचा बिट पुसायचा आणि दुसऱ्या कशालाही हात न लावता बाहेर पडायचं.

याच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक जागा उरते. टाइमआउटच्या कोडला जागा रिकामी दिसली, म्हणजे हँडलरने ट्रान्सफर उचललंय, पण झोपलेल्याला उठवण्याची हाक, म्हणजे 'कम्प्लीट', अजून दिलेली नसेल. अशा वेळी घाईने नोंद मोकळी केली तर पहिलाच घोळ परत. म्हणून तिथे वेळेची मर्यादा न घालता त्या हाकेची वाट बघायची. ती येणारच आहे, हँडलर मध्येच झोपू शकत नाही. आणि मग एररऐवजी यश परत द्यायचं, कारण डेटा खरोखर आलेला आहे. कर्नलमधली 'कम्प्लीशन' ही वस्तू मुळात अशा वापरासाठीच बेतलेली आहे. वाट बघणारा उठल्याबरोबर ती नष्ट करू शकतो, हाक देणारा नंतर तिला हात लावत नाही.

ही 'कम्प्लीशन' आधी संपूर्ण कार्डासाठी एकच होती. त्यामुळे उशिरा आलेल्या हँडलरची हाक पुढच्या ट्रान्सफरला लागायची, आणि ते डीएमए सुरू होण्याआधीच 'झालं' म्हणून परत यायचं. वापरणाऱ्यांच्या जुन्या नोंदींमध्ये 'बफर सगळा शून्याचा आला' अशी एक बेवारस तक्रार होती, तिचा छडा असा लागला. आता प्रत्येक ट्रान्सफरची कम्प्लीशन त्याच्याच पोटात आहे.

रद्द करण्याचा क्रम पुरता उलटा करावा लागला. आधी कार्डाला थांबायला सांगायचं. हे लिहिणं रांगेत अडकू शकतं, म्हणून लगेच एक रजिस्टर वाचायचं. वाचनाचं उत्तर आलं म्हणजे आधीचं लिहिणं पोचलेलं असतं. मग डीएमए खरंच थांबल्याचा बिट येईपर्यंत बघायचं. मग इंटरप्टचा बिट बंद, पुन्हा एक वाचन. मग 'सिंक्रोनाइझ आयआरक्यू', जे दुसऱ्या कोअरवर चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबवून ठेवतं. आणि मेमरी सगळ्यात शेवटी. 'सिंक्रोनाइझ' बोलावताना आपला स्पिनलॉक हातात नको, कारण हँडलरला तोच लॉक हवा असतो आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. शिवाय एमएसआय पद्धतीचा (वेगळ्या तारेऐवजी एका लेखनातून दिला जाणारा) इंटरप्ट कार्डातून निघालेला पण अजून न पोचलेला असू शकतो. तो 'सिंक्रोनाइझ'नंतरही येईल. म्हणूनच हँडलरने रिकामी जागा निमूटपणे सहन करायची, हा नियम या क्रमामुळे अनावश्यक होत नाही.

ड्रायव्हर काढतानाची वाट बघितली तेव्हा तिथेही तेच पाणी मुरत होतं. इंटरप्टची नोंदणी 'डेव्हएम' पद्धतीने होती, म्हणजे ती 'रिमूव्ह' फंक्शन संपल्यावर आपोआप सुटते. सोयीचं आहे, पण 'रिमूव्ह'मध्ये वर्कक्यू मोडून टाकलेली असते आणि हँडलर अजून जिवंत. कर्नलच्या 'डीबग शेअर्ड आयआरक्यू' या पर्यायाचा इथे फायदा झाला. सामायिक म्हणून नोंदलेला इंटरप्ट सोडताना तो मुद्दाम हँडलर एकदा जास्तीचा बोलावतो, आणि आमचा हँडलर तिथेच आडवा झाला. उपाय म्हणून क्रम ठरवायला गेले तर गाठ पडली. आधी वर्कक्यूतलं काम रद्द करावं तर हँडलर ते पुन्हा रांगेत टाकू शकतो. आधी इंटरप्ट सोडावा तर उरलेलं काम कार्डाचा फिफो-बिट पुन्हा चालू करतं, आणि ऐकायला कुणी नाही. शेवटी एनेबल बदलणाऱ्या त्या एका फंक्शनमध्ये, त्याच लॉकखाली, 'बंद होतोय' असा झेंडा घातला. झेंडा लागला की कुणालाही काहीही चालू करता येत नाही. मग सगळे बिट बंद, 'फ्री आयआरक्यू', आणि त्यानंतर वर्कक्यूतलं काम रद्द. सगळं एकाच दारातून नेल्याचा असा अनपेक्षित फायदा झाला.

पॅच वेगवेगळे केले: लॉक, टाइमआउट, रिमूव्ह, आकडेवारीचा लॉक. पहिल्याच्या 'फिक्सेस' ओळीत बायसेक्टने पकडलेल्या कमिटचा नव्हे, तर ड्रायव्हर पहिल्यांदा आला त्या कमिटचा क्रमांक गेला, कारण बग त्या दिवसापासून होता. रिव्ह्यूमध्ये प्रीएम्प्ट-आरटीबद्दल (ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देण्यासाठीच्या कर्नलच्या पर्यायाबद्दल) विचारणा झाली. ते २०२४ मध्ये ६.१२ पासून मूळ कर्नलचा भाग झालंय आणि त्यात साधा स्पिनलॉक झोपू शकतो. पण तिथे आमचा हँडलरही थ्रेडमध्ये चालतो, त्यामुळे कच्चा (कधीही न झोपणारा) स्पिनलॉक वापरायची गरज नाही, असं ठरलं.

मुद्दाम घातलेला पन्नास मायक्रोसेकंदांचा थांबा काढला नाही. तो डीबगच्या बिल्डमध्ये एका पॅरामीटरमागे ठेवलाय. चाचणीच्या व्हर्च्युअल मशिनला आता चार कोअर आहेत, तिथे हा थांबा चालू ठेवून दोन प्रोग्रॅम सतत रीड मागतात आणि तिसरा मधूनमधून ड्रायव्हर काढून पुन्हा जोडतो. जुन्या कोडवर ही चाचणी मिनिटभरही तग धरत नाही, नव्यावर अजून तरी पडलेली नाही.

रजिस्टरांचे आकडे घेऊन हार्डवेअरच्या सहकारी मैत्रिणीकडे गेले तेव्हा 'यात कार्डाचा दोष नाही' हे ऐकून तिला बरं वाटलं, पण थोडा होता असं माझं मत. एनेबलसाठी दोन पत्ते दिले असते, एकावर १ लिहिलं की बिट लागणार, दुसऱ्यावर लिहिलं की निघणार, तर वाचून-बदलून लिहिण्याचा प्रश्नच आला नसता. एआरएमच्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये इंटरप्ट लावायची आणि काढायची रजिस्टरं अशीच वेगळी आहेत. तिने पुढच्या आवृत्तीत ते दोन पत्ते घातले आहेत. जुनी कार्डं वापरात असेपर्यंत मेमरीतली प्रत आणि लॉक ड्रायव्हरमध्ये राहतील.